वीरगळावर नसलेला कप्पा: जवान गेल्यावर घराला काय मिळतं आणि ते कशावर ठरतं

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या गावात, महादेवाच्या देवळाच्या आवारात किंवा वेशीपाशी, शेंदूर फासलेला एखादा कोरीव दगड उभा दिसतो. पुष्कळदा तो देव समजूनच पुजला जातो. जवळ जाऊन पाहिलं तर त्यावर एकावर एक कप्पे दिसतात. हा वीरगळ. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई आणि पडलेला वीर. त्याच्या वरच्या कप्प्यात अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर तर चक्क नौकायुद्ध कोरलेलं आहे.

या दगडावर वीराचं घर मात्र नसतं. त्याची आई, त्याची पोरं, त्याच्या वाट्याचं शेत पुढे कोणी कसलं, यासाठी कप्पाच नाही. पत्नीची आठवण कुठे असेलच तर शेजारच्या सतीशिळेवर, काकणं भरलेल्या कोपरापासून दुमडलेल्या हातापुरती.

आज तो कप्पा आहे. तो दगडावर कोरलेला नसून निवृत्तिवेतनाच्या नियमांत, सेवापुस्तिकेत आणि सैनिक बोर्डाच्या फायलीत लिहिलेला आहे. जवानाच्या अंत्ययात्रेला हजारो माणसं जमतात, ‘अमर रहे’च्या घोषणांनी गाव दणाणून जातं. तेराव्यानंतर त्या घरात जो कागद येतो तो मात्र फार थोड्यांना वाचता येतो. तो कागद वाचायला यावा म्हणून हा लेख.

‘शहीद’ हा दर्जा कुठे मिळतो?

‘जवानाला शहीद दर्जा देण्याची कुटुंबाची मागणी’ अशी बातमी आपण अनेकदा वाचतो. ऐकणाऱ्याला वाटतं की दिल्लीत कुठेतरी शहिदांची यादी आहे आणि तिच्यात नाव चढलं की सगळं मिळतं.

अशी यादी नाही. ‘शहीद’ हा शब्द भारतीय सैन्याच्या किंवा निमलष्करी दलांच्या कुठल्याही नियमात नाही. गृह मंत्रालयाने २०१५ मध्ये संसदेत हे सांगितलं. २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढेही हेच उत्तर आलं. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘साक्षीदार’, म्हणजे श्रद्धेची साक्ष प्राण देऊन देणारा. जवान धर्मासाठी नव्हे, देशासाठी लढतो, म्हणून २०२२ मध्ये लष्करानेही हा शब्द टाळावा असं आपल्या कमांडना कळवलं.

मग आपण म्हणायचं काय? आपल्या भाषेत याची वाण नाही. वीरमरण आलं म्हणा, हुतात्मा म्हणा. ‘धारातीर्थी पडला’ हा शब्दप्रयोग मला सगळ्यांत जवळचा वाटतो. तलवारीची धार हेच तीर्थ, आणि त्या तीर्थात देह ठेवला. गावाने प्रेमाने ‘शहीद’ म्हटलं तर त्यात काही बिघडत नाही, बोलीतला शब्द लोकांच्या मनातून येतो. पण अर्जात, निवेदनात ‘शहीद दर्जा द्या’ एवढंच लिहिलं तर ते पत्र कुठल्याच खिडकीवर चालत नाही. मागायची गोष्ट वेगळी आहे.

पंचनाम्यात कारण काय लिहिलंय?

शेतकऱ्याला हे लगेच कळेल. पीक गेलं हे सगळ्या गावाला दिसतं. पण नुकसानभरपाई ठरते ती पंचनाम्यात काय लिहिलं त्यावरून. गारपीट, अतिवृष्टी की कीड? रान तेच, नुकसान तेवढंच, पण कारणाचा रकाना बदलला की रक्कम बदलते.

जवानाच्या मृत्यूचंही तसंच आहे. सैन्य प्रत्येक मृत्यूची चौकशी करतं, तिला कोर्ट ऑफ एन्क्वायरी म्हणतात. त्यानंतर मृत्यूची नोंद दोनपैकी एका गटात होते. शत्रूच्या गोळीने, दहशतवाद्यांशी चकमकीत, सुरुंगाच्या स्फोटात किंवा लष्करी मोहिमेत तशा परिस्थितीत मृत्यू आला तर ‘बॅटल कॅज्युअल्टी’, म्हणजे युद्धहानी. आजार, साधा अपघात किंवा इतर कारण असेल तर ‘फिजिकल कॅज्युअल्टी’. घरच्यांनी विचारायचा खरा प्रश्न हाच: नोंद कोणत्या गटात झाली आणि कारण काय लिहिलं?

कारणांच्याही पाच पायऱ्या आहेत. पहिली, सेवेशी संबंध नसलेला नैसर्गिक मृत्यू. दुसरी, सेवेच्या परिस्थितीमुळे झालेला आजार. तिसरी, कर्तव्यावरचा अपघात. चौथी, दहशतवादी किंवा समाजकंटकांच्या हिंसाचारातला मृत्यू. पाचवी, प्रत्यक्ष युद्ध किंवा युद्धसदृश कारवाई. पुढचं जवळजवळ सगळं या पायऱ्यांवर ठरतं.

एकच पगार, तीन प्रकारची पेन्शन

समजा जवानाचं शेवटचं वेतन महिना ४०,००० रुपये होतं. महागाई भत्ता बाजूला ठेवू, तो सगळ्यांत वरून मिळतो.

मृत्यू पहिल्या पायरीवरचा असेल, म्हणजे सुट्टीवर घरी असताना सेवेशी संबंध नसलेल्या आजाराने गेला, तर पत्नीला साधी कुटुंब पेन्शन मिळते: वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे १२,०००. सुरुवातीची काही वर्षं ती ५० टक्के दराने मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर असेल, म्हणजे ड्यूटीवरची गाडी दरीत कोसळली, तर विशेष कुटुंब पेन्शन: ६० टक्के, २४,०००. चौथ्या-पाचव्या पायरीवर असेल तर उदारीकृत कुटुंब पेन्शन: पूर्ण १०० टक्के, ४०,०००. जवान असता तर जेवढं वेतन घरी आलं असतं, तेवढंच.

बारा हजार आणि चाळीस हजार. मधला फरक कागदावरच्या एका ओळीचा आहे. म्हणून पेन्शन मंजुरीचा आदेश, म्हणजे पीपीओ, हातात आला की तो कपाटात ठेवण्याआधी एखाद्या जाणत्या माजी सैनिकाकडून वाचून घ्यावा. त्यावर पेन्शनचा प्रकार लिहिलेला असतो. तो चुकीचा वाटला तर अपील करता येतं, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणही आहे. २००९ पासून सुरू झालेलं हे न्यायालय फक्त सैनिकांच्या प्रश्नांसाठी आहे आणि मुंबईतही त्याचं खंडपीठ आहे.

पेन्शनखेरीज केंद्र सरकार एकरकमी सानुग्रह रक्कम देतं. सातव्या वेतन आयोगानंतर, १ जानेवारी २०१६ पासून तिचे दर असे: कर्तव्यावरचा अपघात किंवा दहशतवादी हिंसाचारात मृत्यू झाल्यास २५ लाख. सीमेवरची चकमक, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई किंवा अतिउंच, दुर्गम ठाण्यांवर हवामानाने घेतलेला बळी असेल तर ३५ लाख. युद्धात शत्रूच्या कारवाईत असेल तर ४५ लाख. याशिवाय गट विम्याची रक्कम, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि राज्य सरकारची मदत. राज्याची रक्कम प्रत्येक राज्यात वेगळी, म्हणून एकाच चकमकीत पडलेल्या दोन राज्यांतल्या दोन जवानांच्या घरी वेगवेगळे आकडे पोचतात. हे मला कधीच पटलेलं नाही, पण आज वस्तुस्थिती तशी आहे.

पैसे कोणाचे, बायकोचे की आईवडिलांचे?

या प्रश्नाने गावोगाव घरं फुटलेली आहेत. २०२४ मध्ये कीर्तिचक्र मिळालेल्या एका दिवंगत अधिकाऱ्याच्या आईवडिलांनी तो जाहीरपणे मांडला तेव्हा देशभर चर्चा झाली.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. बँक खात्याला आपण नॉमिनी लावतो, तो कोणीही असू शकतो. सातबाऱ्यावर वारस लागतात ते मात्र कायद्याने. सैन्यातही असंच आहे. पेन्शन कायद्याच्या क्रमाने जाते: आधी पत्नी, मग मुलं. विवाहित जवानाच्या आईवडिलांचा हक्क बहुधा पत्नी आणि मुलं नसतील तेव्हाच येतो. गट विमा आणि भविष्य निर्वाह निधीत मात्र जवान स्वतः नाव देतो आणि हिस्सेही ठरवतो. पत्नीला इतके टक्के, आईला इतके, असं लिहून देता येतं.

आईवडिलांचं दुःख खोटं नसतं, आणि पंचविशीत कुंकू पुसलेल्या मुलीचं तर नसतंच. कोणाची बाजू घ्यावी असा हा प्रश्न नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत, चौघं बसून, जवानाने नामनिर्देशनाचा कागद नव्याने भरावा एवढं झालं तरी पुष्कळ कटुता टळेल. मरणाची भाषा नको म्हणून हा विषय घरात कोणी काढत नाही. फौजीच्या घराने तो काढायला हवा.

याला जोडूनच दुसरी नोंद. लग्न झालं, मूल झालं की जवानाने ते युनिटला कळवायचं असतं आणि युनिट ते ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये छापतं. सैन्याच्या दृष्टीने तुमचं कुटुंब म्हणजे त्या ऑर्डरमधलं कुटुंब. आधार कार्डावर एक नाव, ऑर्डरमध्ये माहेरचं नाव, मुलाची जन्मतारीख शाळेत वेगळी आणि रेकॉर्ड ऑफिसात वेगळी, एवढ्याशा फरकापायी पेन्शन महिनोन्‌महिने अडकते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाचं रेकॉर्ड बेळगावला असतं, महार रेजिमेंटच्या जवानाचं मध्य प्रदेशात सागरला. कोकणातल्या वाडीवरच्या बाईने त्या पत्त्यांवर एकटीने किती खेपा घालायच्या?

दिराशीच लग्न करण्याची अट

शौर्य पदक मिळालेल्या सैनिकाला दर महिन्याला भत्ता मिळतो, त्याच्या पश्चात तो पत्नीला मिळतो. पण वीरपत्नीने पुन्हा लग्न केलं तर तो बंद व्हायचा. अपवाद एकच होता: तिने दिवंगत नवऱ्याच्या भावाशी लग्न केलं तर भत्ता सुरू.

वाक्य पुन्हा वाचा. नवऱ्याने देशासाठी प्राण दिले, आणि त्या सन्मानाचे पैसे तिच्याकडे राहायचे तर तिने कोणाशी संसार मांडायचा हे सरकारी आदेश सांगणार. ही अट संरक्षण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये काढली. आता तिने कोणाशीही लग्न केलं तरी हयातभर भत्ता मिळतो. इतका उशीर का लागला, याचं उत्तर वीरगळाशेजारच्या त्या सतीशिळेत आहे असं मला वाटतं. वीराच्या पत्नीकडे स्वतंत्र माणूस म्हणून पाहायची सवयच आपल्याला नव्हती.

त्याच वर्षी, सप्टेंबर २०१७ मध्ये, साताऱ्याच्या स्वाती महाडिक चेन्नईच्या अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना धारातीर्थी पडले होते. स्वातीताईंचं वय भरतीच्या मर्यादेपलीकडे गेलं होतं. त्यासाठी मर्यादा शिथिल करून घ्यावी लागली, आणि दोन लहान मुलांपासून दूर राहून त्यांनी ते कठोर प्रशिक्षण पुरं केलं. वीरपत्नी म्हणजे पांढऱ्या साडीत मंचावर बसवून शाल-श्रीफळ देण्याची व्यक्ती, ही आपल्या डोक्यातली प्रतिमा त्यांनी पुसली.

अग्निवीराच्या घरी काय येतं?

ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. लष्करी मोहिमेत प्राण गमावणारा तो पहिला अग्निवीर, म्हणजे अग्निपथ योजनेतून भरती झालेला सैनिक. समाजमाध्यमांवर दोन टोकांचे दावे सुरू झाले. एक बाजू म्हणे कुटुंबाला काहीच मिळणार नाही, दुसरी म्हणे सगळं सारखंच मिळतं. लष्कराने तेव्हा स्वतःच तपशील जाहीर केला: ४८ लाखांचा विमा, ज्याचा हप्ता अग्निवीर भरत नाही. ४४ लाख सानुग्रह रक्कम. सेवानिधीत, म्हणजे पगारातून कापून ठेवलेल्या ठेवीत, जमलेले पैसे, सरकारच्या तेवढ्याच वाट्यासह. चार वर्षांतला उरलेला पगार. आणि युद्धहानी कल्याण निधीतून ८ लाख.

म्हणजे ‘काहीच नाही’ हे खोटं. पण ‘सगळं सारखंच’ हेही खरं नाही, कारण दर महिन्याची कुटुंब पेन्शन अग्निवीराच्या घराला नाही. जून २०२२ मध्ये आलेली ही योजना चार वर्षांच्या कराराची आहे आणि पेन्शन तिच्या बाहेर ठेवलेली आहे. एकरकमी कोटभर रुपये मोठेच वाटतात, पण गावाकडे एकरकमी पैशाचं काय होतं हे आपण जमिनी विकलेल्या घरांत पाहिलेलं आहे. कर्ज फिटतं, घर बांधलं जातं, नातेवाईक उसने मागतात. महिन्याच्या एक तारखेला खात्यावर येणारी रक्कम म्हातारपणाची काठी असते. सियाचीनची थंडी जवान आणि अग्निवीर असा भेद करत नाही, तेव्हा निदान वीरमरण आलेल्या अग्निवीराच्या बाबतीत पेन्शनचा भेद राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जे परत येतात त्यांचं काय?

सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवर, जखमी असताना, रणगाड्यांसाठी सुरुंग काढून रस्ता मोकळा केला. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले. पुढे कित्येक वर्षं ते जगले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. त्या काळात शेजारून जाणाऱ्या किती पुणेकरांना ठाऊक असेल की हे परमवीर आहेत?

सैन्यातून दरवर्षी सुमारे ६०,००० जण निवृत्त होतात. ‘माजी सैनिक’ म्हटलं की पांढऱ्या मिश्यांचा आजोबा डोळ्यांपुढे येतो, पण जवान बहुतेक वेळा पस्तीस ते चाळिशीतच घरी येतो. लढणारं सैन्य तरुण राहावं म्हणून नियमच तसा आहे. सरकारी कारकून अठ्ठावन्न-साठीला निवृत्त होतो, तोवर त्याची मुलं मार्गी लागलेली असतात. जवानाची निवृत्ती होते तेव्हा पोरगी आठवीत असते आणि घराचं कर्ज नुकतंच सुरू झालेलं असतं. सोसायटीच्या फाटकावर, एटीएमच्या दारात ताठ उभा असलेला रखवालदार पाहा. पुष्कळदा तो कुठल्यातरी पलटणीचा हवालदार असतो.

‘एक पद, एक पेन्शन’ ही मागणी याच लवकर निवृत्तीतून आली. एकाच पलटणीतले दोन हवालदार, दोघांची नोकरी वीस वर्षं. एक १९९६ मध्ये निवृत्त झाला, दुसरा २०१३ मध्ये. पेन्शन शेवटच्या वेतनाच्या निम्मी असते, आणि मधल्या काळात वेतन आयोगांनी पगार वाढवले. त्यामुळे पहिल्याला दुसऱ्यापेक्षा बरीच कमी पेन्शन. दिवाळीला दोघं एकाच पारावर बसतात, एकाच दुकानातून किराणा घेतात, पण पहिल्याची पेन्शन जुन्या काळात अडकलेली. १ जुलै २०१४ पासून लागू झालेल्या योजनेने २०१३ मध्ये निवृत्त झालेल्यांच्या सरासरीवर जुन्यांची पेन्शन आणून ठेवली. दर पाच वर्षांनी ती पुन्हा जुळवायची असं ठरलं. माजी सैनिकांना ही जुळवणी दर वर्षी हवी होती, पण सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये पाच वर्षांची पद्धत वैध ठरवली. १ जुलै २०१९ आणि १ जुलै २०२४ पासूनच्या जुळवण्या त्यानुसार झाल्या.

अपंगत्व घेऊन परतलेल्यांचा प्रश्न अधिक कठीण. गोळी लागली तर वाद नसतो. पण रक्तदाब, पाठीचं दुखणं, मनावरचा आघात? हे ‘सेवेमुळे झालं किंवा सेवेमुळे बळावलं’ हे ठरल्याशिवाय अपंगत्व पेन्शन मिळत नाही, आणि वर्षानुवर्षं खटले यावरच चालतात. २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरळ तर्क मांडला. भरतीच्या वेळी सैन्यानेच तपासून ‘निरोगी’ म्हणून घेतलं आणि त्या वेळी आजाराची नोंद नव्हती, तर तो सेवेतच झाला असं धरायचं. नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावं. ज्याच्या घरात असा रखडलेला अर्ज असेल त्याने हा निकाल वकिलाला दाखवावा.

पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून कमरेखाली लुळ्या झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. आणि आपले सांगलीचे मुरलीकांत पेटकर! १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेल्या या जवानाने १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं, भारताचं पहिलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं.

‘पगार घेऊनच जातात ना?’

हा आक्षेप उघडपणे कमी आणि चहाच्या टपरीवर जास्त ऐकू येतो. स्वेच्छेने भरती होतात, पगार मिळतो, कॅन्टीन मिळतं, मग वेगळे आभार कशाला?

पगार श्रमाचा असतो. आपण नोकरीत धोका दिसला तर राजीनामा देऊ शकतो. जवानाला हुकूम आल्यावर ‘आज नको’ म्हणण्याचा अधिकार नाही, तसं केलं तर तो गुन्हा ठरतो. आपल्या इतर अनेक अधिकारांवर, संघटना करण्याच्या, जाहीर बोलण्याच्या, कायद्याने मर्यादा घालून तो आत जातो. म्हणजे तो श्रम विकतो आणि त्यासोबत ‘नाही’ म्हणण्याचा हक्क देशाकडे ठेव म्हणून ठेवतो. त्या ठेवीचा मोबदला पगाराच्या चिठ्ठीत नसतो. पेन्शन, उपचार, मुलांचं शिक्षण ही त्या ठेवीची परतफेड आहे, कोणी केलेले उपकार नाहीत.

आणि पोलीस? केंद्रीय राखीव पोलीस दल, म्हणजे सीआरपीएफ? पुलवामात १४ फेब्रुवारी २०१९ ला गेलेले ४० जवान सीआरपीएफचे होते, त्यातले दोघे बुलढाणा जिल्ह्यातले. हे दल गृह मंत्रालयाखाली येतं, म्हणून त्यांचे नियम वेगळे. कर्तव्यावर वीरमरण आलं तर त्यांच्याही घराला विशेष पेन्शन मिळते. पण २००४ नंतर भरती झालेल्या आणि सुखरूप निवृत्त होणाऱ्या जवानाला सैन्यासारखी जुनी पेन्शन नाही. २०१९ मध्येच १ मे रोजी गडचिरोलीत सुरुंगस्फोटात आपले १५ पोलीस गेले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या रात्री हातात फक्त लाठी असलेले तुकाराम ओंबळे यांना अशोक चक्र मिळालं, ते पोलीसच होते. कृतज्ञतेने गणवेशाचा रंग पाहू नये.

दगडावरची नावं

दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ ला राष्ट्रीय युद्ध स्मारक खुलं झालं तेव्हा त्यावर २५,९४२ नावं होती, स्वातंत्र्यानंतर पडलेल्यांची. त्याआधी इंडिया गेटवर होती ती पहिल्या महायुद्धातल्या आणि तिसऱ्या अफगाण युद्धातल्यांची. सातारा जिल्ह्यातल्या ‘अपशिंगे मिलिटरी’ या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे आणि पलटणीत जाण्याची परंपरा आजही सुरू आहे. स्वतंत्र भारताच्या जवानांची नावं एका जागी कोरायला मात्र बहात्तरावं वर्ष उजाडावं लागलं.

अंत्यविधीचं एक सांगायला हवं. १९६२, ६५ किंवा ७१ मध्ये पडलेल्या बहुतेकांवर आघाडीजवळच अग्निसंस्कार झाले. घरी आली ती तार, आणि मागाहून त्याची ट्रंक. १९९९ च्या कारगिल युद्धात ५२७ जवान गेले आणि तेव्हापासून पार्थिव घरी आणण्याची पद्धत रुजली. पेटीवर तिरंगा असतो, केशरी पट्टा डोक्याकडे. ध्वजसंहितेनुसार तो चितेत जात नाही. चिता पेटवण्याआधी घडी घालून घरच्यांच्या हाती देतात. अनेक घरांत तो देव्हाऱ्याशेजारी ठेवलेला असतो.

मग आपण काय करायचं?

७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. शाळेत बाईंनी वाटलेले तांबड्या, गडद निळ्या आणि फिक्या निळ्या पट्ट्यांचे कागदी झेंडे आठवत असतील. ते पैसे सशस्त्र सेना ध्वजदिन निधीत जातात आणि त्यातून पेन्शन नसलेले वृद्ध माजी सैनिक, विधवा, मुलांचं शिक्षण यांना मदत होते. निमलष्करी दलांसाठी ‘भारत के वीर’ हा निधी आहे. दान द्यायचं तर असं, थेट. मोठ्या हल्ल्यानंतर व्हॉट्‌सॲपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर पैसे टाकू नका, तसल्या गोंधळात भामटे हात धुऊन घेतात.

प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय असतं, लोक त्याला सैनिक बोर्ड म्हणतात. मुलांची वसतिगृहं, शिष्यवृत्त्या, राज्याच्या भरतीतलं माजी सैनिकांचं आरक्षण, घरपट्टीची सवलत, हे सगळं तिथून सुरू होतं. उपचारांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही योजना आहे. यातली माहिती असलेला एक निवृत्त सुभेदार गावात असला तर दहा घरांची कामं मार्गी लागतात.

आणि अगदी छोटं एक काम. पेन्शन सुरू राहायला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. १९७१ च्या युद्धातल्या जवानाची पत्नी आज सत्तरी-ऐंशीत आहे. आयुष्यभर खुरपं धरून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्रावर अंगठा उमटत नाही, आणि ती उन्हातान्हात तालुक्याला चकरा मारते. २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही तो दाखला देता येतो. गावातल्या कुठल्याही कॉलेजच्या पोराला तिच्या ओसरीवर बसून पंधरा मिनिटांत हे करून देता येईल.